नानांना सोडून बघायचं

१

घर बघायला गेलं की लोक नळ सोडून बघतात, खिडक्या उघडून बघतात, वर कोण राहतं याची हळूच चौकशी करतात. धाकटी आणि तिचा नवरा नानांना सोडून बघायचे.

ऐकायला वाईट वाटतं, ठाऊक आहे. पण आधी माणसं तरी कळू द्या.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर होती. आलेल्या कपड्याच्या कॉलरला आतून बोटभर कापडी पट्टी टाचायची, पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने नंबर घालायचा; मग कपडा हजारांत मिसळला तरी ज्याचा त्याला परत. अकरा वर्षं हेच केल्यामुळे उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर शाईचा डाग कायमचा मुक्कामाला आला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वर-खाली पोहोचवून हा गृहस्थ स्वतः मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचा. यावर लोकांनी करायचे ते सगळे विनोद करून झाले होते.

आणि नाना, म्हणजे नवऱ्याचे वडील. वय शहात्तर. जन्मभर लोकांची घरं रंगवलेली. हल्ली माणसं विसरले होते, भिंती मात्र नाही. कुठल्याही खोलीत शिरले की आधी भिंतीवर तळवा टेकायचे आणि ओल आहे की नाही ते सांगायचे. सुनेला रोज विचारायचे, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" आणि ती रोज नव्याने सांगायची, "तुमच्याकडचीच, नाना."

दोन महिन्यांपूर्वी दार चुकून उघडं राहिलं आणि नाना निघाले. जिना उतरले, औषधवाला, न्हावी, चष्मेवाला अशी चौदा ओळखीची दुकानं ओलांडली आणि बस डेपो गाठला. तीन तासांनी सापडले ते धुऊन उभ्या केलेल्या एका रिकाम्या बसमध्ये. पहिल्याच सीटवर, हात मांडीवर ठेवून. धाकटीला ते तीन तास लागले नाहीत तेवढं दुकानदारांचं बोलणं लागलं. चौदाच्या चौदा जण म्हणाले, "जाताना बघितलं होतं की!"

बघितलं होतं. "नाना, कुठे निघालात?" एवढं एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं.

त्यानंतर महिन्याभराने थोरल्या दिरांचा फोन आला. ते दुसऱ्या शहरात असत आणि सल्ले तिथूनच देत. म्हणाले, "एक तारखेपासून वृद्धाश्रमात खोली धरली आहे. तुमच्या त्या जिन्यावरून एक दिवस जातील ते, आणि मग मला फोन कराल. त्याआधी तळमजल्याचं, चांगल्या वस्तीतलं घर मिळालं तर बघा. नाहीतर मी येऊन घेऊन जातो."

म्हणजे पाच आठवडे. धाकटीने मनाशी ठरवलं, खोल्या कशाही चालतील; माणसं अशी हवीत की कुणीतरी म्हाताऱ्याचा हात धरून त्याला घरी आणून सोडेल. आता हे काही दलालाला विचारून कळत नाही. दलालाला विचारलं तर जगातली प्रत्येक वस्ती शांत आणि प्रत्येक शेजारी सज्जन. म्हणून तिने युक्ती काढली. दुपारी चार वाजता नानांना फाटकाबाहेर सोडायचं, नवऱ्याने वीस पावलं मागे राहायचं, आणि अर्ध्या तासात कुणी हटकतं का ते बघायचं.

"अगं, माणसावर कसले प्रयोग करतेस?" नवरा म्हणाला.

"तुम्ही नाही का लिफ्ट आधी रिकामी वर पाठवून बघत?"

"रिकामी पाठवतो. बापाला बसवून नाही पाठवत."

पण तयार झाला. आश्रमाची खोली त्याच्याही डोळ्यांपुढे होतीच.

२

पहिली वस्ती चकचकीत होती. तिथल्या पहारेकऱ्याने नानांना वहीत सही करायला लावली आणि सलाम ठोकून मोठ्या रस्त्याला लावून दिलं. दुसरी वस्ती बाजाराला लागून. तिथली माणसं फारच मदतीची. पाच जणांनी नानांना पाच दिशा दाखवल्या आणि नाना इमानदारीने पाचही दिशांना थोडं थोडं जाऊन आले. नवऱ्याच्या पायांना फोड आले, ते वेगळेच.

तिसरी म्हणजे ती गल्ली.

लहानशी. दोन्ही बाजूंना चार-चार बैठी घरं. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला पुरुषभर उंचीची दगडी भिंत. तिथे गल्ली संपते. रिकामं होतं ते सहा नंबरचं घर. दोन खोल्या, अरुंद स्वयंपाकघर, पुढच्या खोलीला गल्लीकडे उघडणारी रुंद खिडकी. भिंतींना नुसतं पांढरं अस्तर मारलेलं, रंग नव्हता. नानांनी तळवा टेकला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "कोरडी आहे." मग बराच वेळ हात काढलाच नाही.

चारला त्यांना फाटकाबाहेर सोडलं. ते डावीकडे वळले, म्हणजे रस्त्याकडे. नवरा मागोमाग निघाला. धाकटी दलालाबरोबर फाटकातच उभी राहिली. दलाल विजेच्या मीटरबद्दल काहीतरी सांगत होता, हिचं चित्त रस्त्याकडे. पाच मिनिटांत नवरा पळत परत आला. चेहरा उतरलेला.

"दादाचा फोन आला. अर्धा मिनिट खाली बघितलं असेन. वळणावर नाना नाहीतच!"

 धाकटी धावणार, तोच मागून एक बाई म्हणाली, "घ्या, आले तुमचे नाना. आज जरा लवकरच निघाले होते."

पन्नाशीची, गुटगुटीत, चष्मा कपाळावर चढवलेली बाई. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात नानांचा हात. समोरच्या तीन नंबरात शिवणकाम करायची, हे नंतर कळलं. नानांना धाप लागलेली नव्हती, की ते बावरलेले नव्हते. लग्नाला जाऊन आल्यासारखे प्रसन्न होते.

"फार उपकार झाले हो," धाकटी म्हणाली.

"उपकार कसले?" असं म्हणून शिवणवाली हसली आणि आपल्या घरात निघून गेली.

दलालाने लगेच संधी साधली. "बघितलंत? अशी वस्ती दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही."

परत जाताना बसमध्ये धाकटी खुशीत होती. चार थांबे गेले. मग तिच्या ध्यानात आलं. नाना डावीकडे गेले होते. ती बाई त्यांना घेऊन आली ती उजवीकडून.

आणि उजवीकडे तर नुसती भिंत होती.

३

"अगं, फिरून आले असतील तुमच्या पुढूनच," नवरा घरी येऊन पाय शेकत म्हणाला. "दलाल उभा होता ना तुझ्या शेजारी? त्याच्या देहाआडून हत्ती गेला असता तरी तुला दिसला नसता."

हे पटण्यासारखं होतं.

"आणि त्या म्हणाल्या, 'आज लवकर निघाले.' आज म्हणजे? आपण पहिल्यांदा गेलो तिथे."

"दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याशी गल्लत झाली असेल."

"आणि नाना म्हणतात ते कसं कळलं?"

"तूच लिहिलंयस की कॉलरला!"

हेही खरं. डेपोच्या प्रकारानंतर तिने नानांच्या सगळ्या शर्टांना लॉन्ड्रीसारखी पट्टी टाचली होती. 'नाना', आणि खाली स्वतःचा फोन नंबर. कुणीही वाचावं. धाकटीला हायसं वाटलं. उगाच संशय घ्यायची सवय वाईट. काउंटरवर बसून बसून माणसाला प्रत्येक खिशात काहीतरी सापडायला लागतं.

नाना त्या दिवशी आपल्या हाताने जेवले. भरवायला लागलं नाही. पाणी पिऊन पेला पालथा घातला, पूर्वी घालायचे तसा. नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं आणि कुणीच काही बोललं नाही. नजर लागेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती शर्ट धुवायला घेऊन बसली. कॉलर उलटली. 'नाना' होतं. फोन नंबर होता. आणि खाली तिसरी ओळ होती: 'घर सहा'.

अक्षर तिचंच. तिच्या 'ह'ची शेपटी शाळेपासून पोटात वळते, तशीच वळलेली.

लिहिलं असेल आपणच, तिने स्वतःला सांगितलं. घर मनात भरलं, तंद्रीत लिहिलं असेल. तिने पट्टी उजेडात धरली आणि धरायला नको होती असं तिला वाटलं. कारण दुसरं काही कळो न कळो, शाई तिला कळायची. ही शाई नवी असताना कुळकुळीत काळी असते. दहा धुण्यांनी कडा निळ्या पडतात. शंभरेक धुणी झाली की मधोमध तपकिरी होते, चहाच्या डागासारखी. वरचा फोन नंबर दोन महिन्यांचा, अजून काळा होता.

'घर सहा' तपकिरी झालं होतं.

तिने शर्ट बादलीत दाबला आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही.

४

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. खात्री करायला म्हणून. नवऱ्याने फोन बंद करून ठेवला आणि बुटांच्या नाड्या दोनदा आवळल्या. धाकटी या वेळी दलालापासून चार हात लांब उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली.

चार वाजता गल्लीत काय आवाज असतात? तीन नंबरात शिवणयंत्र चालू होतं. पलीकडे कुणीतरी नळाखाली भांडं धरलं होतं. चारमध्ये रेडिओ. दोनमध्ये पायपुसणं झटकत होते. नाना फाटकातून निघाले आणि रस्त्याकडे चालू लागले. ते चारवरून गेले तसा रेडिओ गप्प झाला. तीनवरून गेले, शिवणयंत्र थांबलं. मग नळ. मग पायपुसणं. सगळी गल्ली श्वास धरून बसल्यासारखी. धाकटीला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

मग एकदम सगळं पुन्हा सुरू झालं.

नवरा परत आला तो चालत. पळायची ताकद नव्हती. "तीन पावलं मागे होतो," तो म्हणाला. "तीन. ते वळले, मी वळलो. रस्ता मोकळा. गाडी नाही, दुकान नाही, दार नाही."

"आले, आले," असं म्हणत शिवणवाली नानांचा हात धरून येत होती. उजवीकडूनच.

नानांच्या बोटांना रंग लागला होता. फिकट सायीचा रंग, अजून ओला. त्यांनी तो खिशातल्या फडक्याला पुसला. फडकं कुठलं, कोण जाणे. मग सुनेकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तू चहा घेतलास का? चेहरा का असा?"

दीड वर्षाने. दीड वर्षाने त्यांनी तिला सूनबाई म्हटलं. धाकटी तिथेच फाटकाला धरून रडली. दलालाला वाटलं घर आवडलं.

नवरा नानांना घेऊन पुढे गेला, तेव्हा तिने शिवणवालीला गाठलं. "मावशी, एक विचारू? तुम्ही त्यांना कुठून आणता?"

"कुठून म्हणजे? जातात तिथून."

"पण तिकडे तर भिंत आहे."

"आहे की. जुनी आहे." शिवणवालीने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि धाकटीकडे मायेने बघितलं. "तुम्ही जेवता की नाही वेळेवर? किती वाळलात!"

"मावशी, आम्ही अजून घर घेतलंसुद्धा नाही."

"अहो, ते कागदाचं झालं," असं म्हणून ती कात्री वाजवत निघून गेली.

५

"मला नको ती गल्ली," नवरा म्हणाला.

मंगळवार होता. दलालाला बुधवारी उत्तर द्यायचं होतं. दुसरं एक गिऱ्हाईक उभं होतं म्हणे. ते दलालांकडे नेहमी उभंच असतं, पण एक तारीख आठ दिवसांवर आली होती, ती काही दलालाची थाप नव्हती.

"माणसं वाईट आहेत का?" धाकटीने विचारलं.

"चांगली आहेत. जरा जास्तच चांगली आहेत." तो नखं कुरतडत होता. "मी लिफ्टवाला माणूस. दोर कुठे आहे ते दिसल्याशिवाय मी पाळण्यात पाय ठेवत नाही. इथे दोर दिसत नाही मला."

"आणि आश्रमाचा दिसतो?"

"तिथे निदान भिंतीतून माणसं येत नाहीत!"

शेवटी बोलून गेला. इतके दिवस ते वाक्य दोघांनी गिळून धरलं होतं. आतल्या खोलीत नाना पलंगावर बसून भिंतीवर बोटांनी आडवे-उभे फराटे ओढत होते, अगदी मापात, आणि काहीतरी गुणगुणत होते. नवऱ्याची मान तिकडे वळली.

"हे गाणं ते शिडीवर म्हणायचे," तो हळू आवाजात म्हणाला. "मी आठ वर्षांचा होतो. डबा घेऊन जायचो."

"मग?"

"मग काय? मला तेच हवे आहेत गं. पण ते तेच आहेत ना? प्रत्येक वेळी ती बाई कुणाला आणून देते आपल्या हातात?"

धाकटीने पट्टीची गोष्ट तेव्हा सांगितली. शाई, तपकिरी रंग, सगळं. त्याने शर्ट मागितला, पट्टी बघितली, आणि दिव्याखाली धरून शाईवर नख घासून पाहिलं.

"थांब म्हणून सांगतो दलालाला," तो शेवटी म्हणाला.

"उद्या दुपारी मी एकटी जाते. नानांना घेऊन. मी त्यांच्या मागे नाही जाणार. मी भिंतीपाशी उभी राहणार. आणून सोडतात ते कुठून, एवढं बघते. मग तुम्ही म्हणाल तसं."

"आणि काही झालं तर?"

"शिवणकाम करणाऱ्या बाईला किती घाबराल?" ती म्हणाली. 

६

बुधवारी चार वाजायला पाच मिनिटं असताना धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती. आधी तिने भिंत हाताने चाचपून घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दगड, सांध्यांत चुना, खाली शेवाळ. दार नाही, फट नाही. सात आणि आठ नंबरची घरं भिंतीला चिकटलेली, त्यांच्या या बाजूला खिडकीसुद्धा नाही. मांजर यायला जागा नव्हती.

नाना निघाले. त्यांची पाठमोरी आकृती रस्त्याकडे लहान होत गेली. रेडिओ थांबला. शिवणयंत्र थांबलं. नळ थांबला. पायपुसणं थांबलं.

धाकटीने डोळे ताणून धरले. पापणी लवू द्यायची नाही. ऊन समोरच्या जमिनीवर होतं, तिची सावली पायांशी. पाठीला दगड गार लागत होते. ती मनात आकडे मोजत होती. चाळीस. एक्केचाळीस. तिच्या डाव्या खांद्यापाशी कुणीतरी खाकरल्यासारखं झालं. एवढंच. सहज, घरातून बाहेर पडताना माणूस खाकरतं तसं.

तिने मान वळवली. कुणी नव्हतं. मान पुन्हा सरळ केली तर शिवणवाली आणि नाना तिच्या पुढे होते, तिच्याकडे पाठ करून. दहा-बारा पावलं पुढे जाऊन ते सहा नंबरच्या रोखाने चालले होते, गप्पा मारत. नाना हसले. ते हसू तिने फक्त लग्नाच्या फोटोत बघितलेलं होतं.

तिला हाक मारायची होती. मारली नाही. ती मागोमाग निघाली. पुढची दोघं सहाच्या फाटकात जाऊन थांबली. धाकटी खिडकीपाशी पोहोचली, आणि बघायचं नाही असं ठरवलेलं असूनही तिने आत बघितलं.

दाराला कुलूप होतं. ते तिला इथूनही दिसत होतं.

आत पुढच्या खोलीत एक माणूस तिपाईवर उभा होता, पाठमोरा. हातात रुंद ब्रश. अर्धी भिंत सायीच्या रंगाची झालेली, अर्धी पांढरी. खांदे नानांचे. डावा खांदा थोडा वर, शिडीवरून पडल्यापासून राहिला होता तसा. शर्ट तोच, जो तिने आज सकाळी इस्त्री करून त्यांना घातला होता. आणि तिपाई हलू नये म्हणून खालून कुणीतरी एका हाताने धरली होती. बाकीचं माणूस भिंतीच्या आड होतं. नुसता हात दिसत होता. कातडी सुरकुतलेली. पहिल्या बोटावर काळसर डाग.

धाकटीने आपलं बोट मुठीत झाकलं.

आतला माणूस ब्रश थांबवून हळूहळू मान वळवायला लागला. कान दिसला. गालाची कड दिसली. तिने झटकन तोंड फिरवलं. त्या चेहऱ्यावर काय आहे हे कळलं असतं तर पुढचा सगळा जन्म तिने तो चेहरा नानांच्या चेहऱ्याशी ताडून बघण्यात घालवला असता. तिला ते नको होतं.

फाटकात नाना उभे होते. "अगं, तिकडे काय करतेस उन्हात?"

तिने त्यांचा हात हातात घेतला. ऊब होती. नाडी लागत होती. करंगळी वाकडी होती. सगळं जागच्या जागी. मग तिने शिवणवालीकडे बघितलं, आणि जे विचारायला आली होती ते विचारलं.

"मावशी, हे आमचेच ना?"

शिवणवाली हसली नाही या वेळी. धाकटीच्या गालाला हात लावून म्हणाली, "तुम्ही हात धरलाय ना त्यांचा? मग तुमचेच."

सहा नंबरातून ओल्या रंगाचा वास येत होता. नवा, स्वच्छ वास. धाकटीला भीती वाटत होती. आणि त्याच वेळी, कसं सांगावं, फार वर्षांनी कुणीतरी घरी वाट बघतंय असं वाटत होतं. दोन्ही एकदम. ती तशीच उभी राहून रडली, हसली आणि मग तिने नवऱ्याला फोन लावला.

"दोर दिसला का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण माणूस वर पोहोचतो. दलालाला हो म्हणा."

 त्याने विचारलं, "नाना कुठे आहेत?"

"हे काय, माझ्या शेजारी. तुम्हाला विचारतायत, डबा विसरलास का म्हणून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "हो म्हणतो," नवरा म्हणाला.

७

किल्ली मिळाली तेव्हा पुढची खोली पूर्ण पांढरी होती. रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. नवऱ्याने कोपरे तपासले आणि काही न बोलता सामान आत घेतलं. थोरले दीर एक तारखेला आले, नानांनी त्यांना नावाने हाक मारली, ते दोन दिवस राहिले आणि आश्रमाची खोली आपण होऊनच रद्द करून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "शेजारी फार बघतात गं तुमच्याकडे." धाकटी म्हणाली, "बघू देत. बघायलाच तर आलो इथे."

नाना रोज चारला बाहेर पडत. रोज कुणीतरी आणून सोडी. कधी शिवणवाली, कधी चारमधले रेडिओवाले आजोबा. कुठून, ते धाकटीने बघणं सोडून दिलं. ती त्या वेळेला स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची आणि हाक आली की फाटकात जायची.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस हाक आलीच नाही.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. गल्लीतले आवाज थांबलेले होते ते पुन्हा सुरू होईनात. ती फाटकात येऊन उभी राहिली. नवरा कामावर होता, घरात कुणी नव्हतं. तिने पाहिलं तर गल्लीच्या प्रत्येक दारात माणूस उभं. शिवणवाली, आजोबा, पायपुसणंवाली, सगळे. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना रस्त्याकडे. हातातली कामं तशीच. जणू आणायला कुणी गेलंच नव्हतं. या वेळी आपल्यालाच जावं लागणार आणि कुठे जायचं ते आपल्याला माहीत नाही, असं तिच्या मनात आलं.

मग रस्त्याच्या वळणावर नाना दिसले.

रस्त्याकडूनच. डावीकडून. एकटे. काखेत पावाची पिशवी. वाटेतल्या दोनवरून आले, तीनवरून आले, चारवरून आले, कुठे थबकले नाहीत, कुणाला विचारलं नाही. ते जसजसे पुढे येत तसतशी मागची दारं एकेक करून बंद होत गेली, अगदी अलगद. काम झाल्यावर माणसं आत जातात तशी. शेवटचं दार शिवणवालीचं. तिने धाकटीकडे बघून मान हलवली आणि कडी लावली. मग शिवणयंत्र सुरू झालं.

"नाना!" धाकटीने त्यांचा हात पकडला. "एकटे आलात? घर सापडलं तुम्हाला?"

"न सापडायला काय झालं? माझं घर आहे." त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. "जरा वळणावर गोंधळलो होतो, खोटं कशाला बोलू. इकडे की तिकडे कळेना. तेवढ्यात तू खिडकीतून हात केलास."

धाकटी मघापासून फाटकात उभी होती. खिडकी तिच्या पाठीमागे होती.

तिला वळून बघता आलं असतं. तिने बघितलं नाही. पाव अजून गरम होता. तिने तो छातीशी धरला, नानांच्या हाताची पकड घट्ट केली, आणि म्हणाली,

"हो नाना. मीच होते. चला आत."